वनराज भाटिया

वनराज भाटिया (जन्म : मुंबई, ३१ मे १९२७, मृत्यू : मुंबई, ७ मे २०२१) हे भारतीय संगीतकार होते. हिंदीतील समांतर चित्रपट, दूरदर्शनवरील मालिका, जाहिरातपट आणि पाश्चात्त्य अभिजात पद्धतीच्या मैफलीच्या रचना अशा चार निरनिराळ्या क्षेत्रांत त्यांनी काम केले. श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'पासूनच्या बहुतेक महत्त्वाच्या चित्रपटांचे, गोविंद निहलानी यांच्या 'तमस'चे आणि 'भारत एक खोज' या मालिकेचे संगीत त्यांचे आहे. संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९८९) आणि पद्मश्री (२०१२) हे सन्मान त्यांना मिळाले.

भाटियांच्या चाहत्यांची एक गंमत आहे. त्यांच्या सुरावटी ओळखणारे लोक देशभर आहेत, पण त्यांपैकी बहुतेकांना त्या कोणाच्या आहेत हे ठाऊक नसते. शंकर-जयकिशन किंवा राहुलदेव बर्मन यांच्या नावाने रसिकमंडळे निघाली, वर्धापनदिनाचे कार्यक्रम होऊ लागले. भाटियांच्या वाट्याला असे काही फारसे आले नाही. २०२१ साली त्यांच्या निधनाची बातमी आली तेव्हा अनेकांना, आपण लहानपणापासून ऐकत आलेले अमुक संगीत यांचे होते, हे प्रथमच कळले. या लेखात त्यांच्या कार्याबरोबरच या स्मृतीचाही विचार केला आहे.

बालपण आणि शिक्षण

भाटियांचा जन्म मुंबईतील एका कच्छी कुटुंबात झाला. न्यू एरा शाळेत शिकत असताना त्यांनी देवधर स्कूलमध्ये हिंदुस्थानी संगीताचे धडे घेतले. हे विद्यालय प्रा. बी. आर. देवधर यांचे. कुमार गंधर्व ज्यांच्याकडे शिकले तेच हे देवधर मास्तर. त्यांना स्वतःला पाश्चात्त्य संगीताविषयी कुतूहल होते आणि त्यांच्या शाळेत संगीताकडे मोकळ्या मनाने पाहिले जाई. भाटियांच्या पुढील वाटचालीची चर्चा करताना त्यांच्या परदेशातील शिक्षणाचाच उल्लेख होतो आणि गिरगाव परिसरातील हा पहिला संस्कार मागे पडतो, हे बरोबर नाही.

किशोरवयात चायकोव्हस्कीचा पियानो कन्चेर्तो ऐकून ते पाश्चात्त्य संगीताकडे ओढले गेले. डॉ. माणेक भगत यांच्याकडे त्यांनी चार वर्षे पियानोचे शिक्षण घेतले. १९४९ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून इंग्रजी विषयात एम.ए. झाल्यावर ते लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाले. तेथे हॉवर्ड फर्ग्युसन, ॲलन बुश आणि विल्यम ऑल्विन हे त्यांचे अध्यापक होते. यांपैकी ऑल्विन हे स्वतः ब्रिटिश चित्रपटांचे नामांकित संगीतकार. मैफलीचे संगीत आणि पडद्यावरचे संगीत यांत उच्चनीचता मानायची नाही, हा धडा भाटियांना येथेच मिळाला असावा. १९५४ मध्ये ते सुवर्णपदकासह उत्तीर्ण झाले.

त्यानंतर रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले आणि नादिया बूलांजे यांचे शिष्य झाले. विसाव्या शतकातील संगीतात बूलांजेबाईंचे स्थान असाधारण आहे. अमेरिकेचे एरन कोपलंड, अर्जेंटिनाचे आस्तोर पियाझोला, पुढच्या पिढीतील फिलिप ग्लास आणि क्विन्सी जोन्स हे सारे त्यांचे विद्यार्थी. शिष्याला तंत्र कडक शिस्तीने शिकवायचे, पण त्याचा आवाज मात्र त्याच्या मातीतूनच येऊ द्यायचा, अशी त्यांची ख्याती होती. पियाझोला त्यांच्याकडून परतले ते आपल्या टँगोकडे. भाटियाही १९५९ मध्ये मायदेशी परतले.

१९६० ते १९६५ या काळात दिल्ली विद्यापीठात ते पाश्चात्त्य संगीतशास्त्राचे प्रपाठक होते.

जाहिरातींचे संगीत

पॅरिसहून परतलेल्या, सिंफनीचे व्याकरण जाणणाऱ्या तरुणाला त्या वेळच्या मुंबईत काम कोठे मिळणार? ते जाहिरातींत मिळाले. शक्ती सिल्क मिल्ससाठी त्यांनी केलेली रचना ही भारतातील जाहिरातपटासाठी खास रचलेल्या गीतांपैकी अगदी आरंभीची मानली जाते. पुढे लिरिल, गार्डन वरेली, ड्यूलक्स अशा अनेक उत्पादनांसाठी त्यांनी संगीत दिले. अशा रचनांची संख्या ७,००० च्या वर असल्याचे सांगितले जाते.

जाहिरातगीताला साहित्यातील चारोळीइतकीही प्रतिष्ठा नाही. पण वीस-तीस सेकंदांत चाल उभी करायची, ती एकदा ऐकताच लक्षात राहिली पाहिजे आणि उत्पादनाचे नावही तिच्यात सहज बसले पाहिजे, हे काम सोपे नाही. धबधब्याखाली न्हाणाऱ्या तरुणीची लिरिल साबणाची जाहिरात १९७५ च्या सुमारास चित्रपटगृहांत झळकली. तिची धून आज साठी ओलांडलेल्या कित्येकांना अजून गुणगुणता येते. भाटियांना जाहिरातींनी आणखी एक गोष्ट दिली. श्याम बेनेगल हेही तेव्हा जाहिरातपटांच्या क्षेत्रात होते.

चित्रपटसंगीत

बेनेगल यांचा पहिला कथापट 'अंकुर' १९७४ मध्ये प्रदर्शित झाला आणि भाटियांचाही चित्रपटप्रवेश त्यातूनच झाला. या चित्रपटात नेहमीच्या अर्थाने गाणी नाहीत. पार्श्वसंगीतही मोजके आहे. हिंदी चित्रपटात संगीतकार म्हणजे गाण्यांना चाली देणारा, अशी समजूत असताना शांततेचा उपयोग करणारा संगीतकार आला, याची दखल तेव्हा थोड्याच समीक्षकांनी घेतली.

त्या काळी मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षांत कामाची वाटणी ठरलेली होती. संगीतकार चाल सांगे आणि तिचे स्वरलेखन, वाद्यवृंदाची मांडणी हे काम संयोजक करीत. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट यांसारख्या गोमंतकीय संगीतज्ञांनी या कामात हिंदी चित्रपटाचा एक अख्खा कालखंड घडवला. भाटिया मात्र चालीपासून प्रत्येक वाद्याच्या ओळीपर्यंत सर्व काही स्वतः लिहू शकत. त्यामुळे त्यांच्या संगीतात चाल आणि साथ अशी फोड करता येत नाही. व्हायोलिनची खालची ओळ काढून टाकली तर वरची सुरावट अर्थहीन होते, अशी त्यांची बांधणी असते.

'मंथन' (१९७६) हा चित्रपट गुजरातमधील ५ लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये देऊन उभा केला. त्यातील गुजराती लोकसंगीताच्या वळणाचे गीत प्रीती सागर यांनी गायले आणि त्यासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पुढे अमूलच्या जाहिरातीत हीच धून वापरली गेली आणि चित्रपट न पाहिलेल्या पिढ्यांनाही ती पाठ झाली. वरवर पाहता ही साधी लोकधून वाटते. तशी ती वाटावी, यातच तिच्या रचनाकाराचे यश आहे.

मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटावा असा चित्रपट म्हणजे 'भूमिका' (१९७७). अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावर तो बेतलेला आहे. कथानक बोलपटाच्या आरंभकाळापासून पुढच्या दोन-तीन दशकांत फिरते, त्यामुळे संगीतकारापुढे अवघड प्रश्न होता. चित्रपटातल्या चित्रपटासाठी प्रत्येक दशकाची शैली वेगळी उमटायला हवी होती. भाटियांनी यासाठी किराणा घराण्याचे फिरोज दस्तूर आणि सरस्वतीबाई राणे यांचे आवाज योजले. दस्तूर यांनी बालवयात बोलपटांत कामे केली होती आणि सरस्वतीबाईंनी त्या काळच्या चित्रपटांसाठी पार्श्वगायन केले होते. म्हणजे जुन्या काळाची नक्कल करण्याऐवजी त्या काळाचे साक्षीदारच त्यांनी ध्वनिक्षेपकापुढे उभे केले. गीतलेखन मजरूह सुलतानपुरी आणि वसंत देव यांचे होते. भाटियांच्या एकूण कामात 'भूमिका'चे संगीत सर्वांत सूक्ष्म आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

'जुनून' (१९७८), 'कलयुग' (१९८१), 'मंडी' (१९८३), 'त्रिकाल' (१९८५), 'सूरज का सातवां घोडा' (१९९२), 'मम्मो' (१९९४) हे बेनेगल यांचे पुढील चित्रपट. 'त्रिकाल'चे कथानक १९६१ च्या गोव्यात, पोर्तुगीज सत्तेच्या अखेरच्या दिवसांत घडते. त्यात रेमो फर्नांडिस यांचे गायन आहे आणि गोमंतकीय ख्रिस्ती घरांतील संगीताचा बाज आहे. पाश्चात्त्य संगीत परके न वाटता घरचे वाटावे असा भारतातील हा एक प्रदेश, आणि भाटियांना तो भावला असल्यास नवल नाही. 'सरदारी बेगम' (१९९६) हा चित्रपट ठुमरी गायिकेच्या जीवनावर आहे. त्यासाठी आरती अंकलीकर-टिकेकर यांनी गायन केले. बूलांजेबाईंच्या शिष्याने ठुमरी-दादऱ्याची इतकी अस्सल बांधणी करावी, याचे आश्चर्य त्यांच्या देवधर स्कूलमधील दिवसांचा विसर पडलेल्यांनाच वाटेल.

बेनेगल यांच्याखेरीज अपर्णा सेन ('३६ चौरंगी लेन', १९८१), कुंदन शाह ('जाने भी दो यारो', १९८३), कुमार शहानी ('तरंग', १९८४), विजया मेहता ('पेस्तनजी', १९८८) आदी दिग्दर्शकांसाठी त्यांनी संगीत दिले. 'जाने भी दो यारो'मध्ये शाळाशाळांतून म्हटले जाणारे एक आशावादी समूहगीत अशा ठिकाणी येते की, ऐकणाऱ्याला हसू येते आणि लगेच ओशाळेही वाटते. व्यंकटेश माडगूळकर यांच्या कादंबरीवर अमोल पालेकर यांनी काढलेल्या 'बनगरवाडी' (१९९५) या मराठी चित्रपटाचे संगीतही भाटियांचेच. माणदेशच्या ओसाड माळरानात आलेल्या तरुण मास्तराची ही गोष्ट ज्यांनी वर्गात शिकवली आहे, त्यांनी तो चित्रपट अवश्य पाहावा. 'अजूबा', 'दामिनी', 'परदेस' अशा व्यावसायिक चित्रपटांचे पार्श्वसंगीतही त्यांनी केले. चरितार्थाच्या दृष्टीने ते आवश्यक असावे. त्यांच्या लौकिकात त्याने विशेष भर पडली नाही.

दूरदर्शन

भाटियांचे नाव ठाऊक नसलेले चाहते निर्माण झाले ते मुख्यतः दूरदर्शनमुळे. १९८० च्या दशकात घरोघरी एकच वाहिनी दिसत असे. एखाद्या मालिकेचे शीर्षकसंगीत सुरू झाले की शेजारच्या घरांतूनही तेच ऐकू येई आणि ते आठवड्यामागून आठवडे कानांवर पडत राही. 'खानदान' (१९८५), 'यात्रा' (१९८६), आर. के. लक्ष्मण यांच्या पात्रावर आधारित 'वागळे की दुनिया' (१९८८), 'लाइफलाइन', 'बनेगी अपनी बात' या मालिकांना त्यांचे संगीत होते.

गोविंद निहलानी यांचा 'तमस' जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवरून प्रसारित झाला. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवर आधारलेली ही फाळणीची कथा. तिच्या आरंभी येणारी आर्त किंकाळी ऐकून त्या वेळची मुले दचकत असत. अभिनेते-दिग्दर्शक फरहान अख्तर यांनी भाटियांना श्रद्धांजली वाहताना नेमकी याच आवाजाची आठवण सांगितली. 'तमस'साठी भाटियांना सर्वोत्कृष्ट संगीतदिग्दर्शनाचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला. त्या काळच्या करमणूकप्रधान संगीताच्या गर्दीत निवड समितीने ही निवड केली, हे त्या समितीला भूषणावह आहे.

त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला 'भारत एक खोज' सुरू झाली. पंडित नेहरूंच्या ग्रंथावर आधारित या मालिकेचे ५३ भाग झाले. तिच्या शीर्षकगीतासाठी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त (१०.१२९) निवडण्यात आले. प्रत्येक भागाच्या अखेरीस त्याच मंडलातील हिरण्यगर्भ सूक्त (१०.१२१) येई. हिंदी रूपांतर वसंत देव यांचे. मराठी, हिंदी आणि संस्कृत या तिन्ही भाषांत सारख्याच सहजतेने वावरणाऱ्या या प्राध्यापकांचे नाव येथेही भाटियांच्या बरोबरीने घ्यायला हवे.

या रचनेचे वैशिष्ट्य थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे. नासदीय सूक्त हे स्तोत्र असले तरी त्याचा आशय प्रश्नाचा आहे. सृष्टीच्या आधी काय होते, हे कोणाला ठाऊक, असा संशय ते अखेरपर्यंत जागा ठेवते. अशा सूक्ताला भक्तिगीताची चाल दिली असती तर अर्थाचा विपर्यास झाला असता. वैदिक पठणात स्वर अगदी मोजके असतात आणि त्यांत चढउतार थोडाच असतो. भाटियांनी मूळ सुरावट या पठणाच्या जवळ ठेवली, पण ती समूहाच्या तोंडी देऊन तिच्यावर स्वरसंवादाचे, म्हणजे हार्मनीचे, थर चढवले. भारतीय संगीताची परंपरा मुख्यतः एका वेळी एक सुरावट पुढे नेण्याची. अनेक आवाज एकाच वेळी निरनिराळ्या उंचीवर गाऊ लागले की श्रोत्याला त्यात प्रार्थनामंदिराचा भव्यपणा जाणवतो. संस्कृत ऋचांना तो भव्यपणा मिळाला आणि त्यांतील प्रश्नही तसाच राहिला. ज्या मुलांना संस्कृतचा गंध नव्हता त्यांना या मालिकेमुळे दोन-तीन ऋचा पाठ झाल्या. पाठांतराचे इतके परिणामकारक साधन शिक्षकांना क्वचितच मिळाले असेल.

मैफलीच्या रचना

भाटिया स्वतःला सर्वप्रथम पाश्चात्त्य अभिजात परंपरेतील रचनाकार मानत. पियानोसाठी 'फँटेझिया अँड फ्यूग इन सी', तंतुवाद्यांसाठी 'सिन्फोनिया कन्चेर्तान्ते', 'सिक्स सीझन्स' ही गीतमालिका या त्यांच्या प्रमुख रचना. गिरीश कर्नाड यांच्या नाटकावर आधारित 'अग्निवर्षा' हा ऑपेरा हे त्यांच्या उत्तरायुष्यातील मोठे काम. भारतात असे संगीत वाजवणारे वृंद थोडे आणि ऐकणारे त्याहून थोडे. त्यामुळे या रचना क्वचितच मंचावर आल्या. जानेवारी २०१९ मध्ये जगद्विख्यात चेलोवादक यो-यो मा यांनी मुंबईत त्यांची 'रेव्हरी' ही रचना वाजवली.

अखेरची वर्षे

त्याच वर्षी, अवघ्या काही महिन्यांनी, भाटिया आर्थिक विपन्नावस्थेत असल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. वय ९२, प्रकृती खालावलेली, स्मरणशक्ती क्षीण झालेली आणि बँकेत शिल्लक नाही, असे त्या बातम्यांचे स्वरूप होते. त्यानंतर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या संस्थेने, चित्रपटक्षेत्रातील काहींनी आणि अनेक अनोळखी रसिकांनी मदत केली. ज्यांना त्यांचे नावही पूर्वी ठाऊक नव्हते असे लोक, बालपणीच्या एका शीर्षकगीताचे ऋण म्हणून पुढे आले, ही त्यातील जमेची बाजू.

या प्रसंगाने एक जुना प्रश्न पुन्हा पुढे आणला. चित्रपटासाठी केलेल्या संगीताचे हक्क, वेगळा करार नसल्यास, निर्मात्याकडे जातात असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला होता. संगीतकाराला कामाचा एकरकमी मोबदला मिळे आणि पुढे ती धून कितीही वर्षे वाजली तरी त्याचा तिच्याशी आर्थिक संबंध उरत नसे. २०१२ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातील वाटा मान्य केला आणि तो त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही अशी तरतूद केली. चित्रपटगृहातील प्रदर्शन मात्र त्यातून वगळले. भाटियांच्या कारकिर्दीचा बहुतांश भाग या दुरुस्तीपूर्वीचा आहे. त्यांच्या अडचणींचे सारे खापर कायद्यावर फोडता येणार नाही. तरी देशभर ऐकू येणाऱ्या सुरावटींच्या कर्त्याला म्हातारपणी वर्गणीची गरज पडावी, हे ही व्यवस्था कशी होती ते सांगायला पुरेसे आहे.

७ मे २०२१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. करोनाच्या दुसऱ्या लाटेचा तो काळ होता आणि महाराष्ट्रात कडक निर्बंध लागू होते. शोकसभा भरवणे शक्य नव्हते. चाहत्यांनी आपापल्या घरी बसून जुन्या मालिकांची शीर्षकगीते ऐकली आणि एकमेकांना पाठवली. त्या आठवणींत चित्रपटांपेक्षा दूरदर्शनचाच उल्लेख अधिक होता. कोणाला 'तमस'ची किंकाळी आठवली, कोणाला नासदीय सूक्त, कोणाला 'मंथन'मधली गुजराती धून. या तिन्ही आठवणी एकाच माणसाकडे जातात, हे मात्र अनेकांना त्या दिवशीच उमगले.

२०२४ मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनने 'मंथन'ची पुनरुज्जीवित प्रत तयार केली. कान महोत्सवाच्या अभिजात चित्रपटांच्या विभागात ती दाखवण्यात आली आणि जूनच्या आरंभी भारतातील चित्रपटगृहांतही प्रदर्शित झाली. चित्रे मूळ निगेटिव्हवरून घेण्यात आली. ध्वनी मात्र फाउंडेशनने जपून ठेवलेल्या ३५ मिलिमीटरच्या एका प्रदर्शन-प्रतीवरून मिळवावा लागला. प्रेक्षकांना पुन्हा ऐकू आलेले भाटियांचे संगीत हे त्या एका प्रतीतले आहे.